सोमलाचं पाणी

आष्टाखेडीत नळाला पाणी आलं, त्याच्या सहाव्या दिवशी दौलत मडावी वारला. आठव्या दिवशी त्याची सून गेली. तोवर गावातली निम्मी माणसं अंथरुणाला खिळली होती. हातापायांना मुंग्या, पोटात पेटके, ओकाऱ्या. सगळ्यांनी नव्या पाण्यालाच दोष दिला. नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेले. पाणी शुद्ध होतं. इतकं शुद्ध पाणी त्या गावात आजवर कोणी प्यायलंच नव्हतं.

ते पाणी आणलं होतं शेवंता पेंदोरने. वय त्रेपन्न, अंगणवाडीत मदतनीस. गावाच्या उगवतीला वीजकेंद्राच्या राखेचं तळं होतं. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून तिथे सोडली जायची. त्या राखेतला सोमल, म्हणजे आर्सेनिक, झिरपत झिरपत गावाच्या बोअरला पोचायचा. शेवंताचा नवरा त्याच पाण्याने गेला. आधी तळहातांवर घट्टे आले, मग मूत्राशयाचा कर्करोग. तेव्हापासून ती अर्ज करत होती, बाया घेऊन कचेरीसमोर बसत होती. वीस वर्षांनी वीजकेंद्र बंद झालं आणि नदीचं गाळलेलं पाणी गावात आलं. पहिला नळ तिनेच सोडला होता.

पण मधल्या काळात गावाला दुसरं काही मिळालं होतं. अठरा वर्षांपूर्वी एक संशोधन संस्था आली आणि प्रत्येकाला एकेक पेला आंबूस द्रव पाजून गेली. त्यात सोमलश्वासी होते. आपण जसे प्राणवायूवर जगतो, तसे सोमलावर जगणारे जंतू. निसर्गात खाऱ्या तळ्यांच्या गाळात असे जंतू असतातच. शास्त्रज्ञांनी त्यांना माणसाच्या आतड्यात राहायला शिकवलं. पाण्यातून सोमल पोटात गेला की हे जंतू तो रक्तात जाऊ देत नसत. थोडा श्वासाला वापरत, उरलेला आपल्या अंगात दाण्यांसारखा कोंडून ठेवत. वर्षभरात गावातले घट्टे गेले. लोक त्यांना 'पाहुणे' म्हणू लागले. गावाबाहेर राहायचं तर बोअरचं पाणी सोबत न्यायचं, एवढी ताकीद संस्थेने दिली होती; कारण कोणी विचारलं नाही.

नवव्या दिवशी डॉ. हेमांगी रेगे आल्या. पाहुणे घडवणाऱ्या गटात त्या तेव्हा सर्वांत तरुण होत्या. आता केस पांढरे झाले होते. अंगणवाडीत मुलांच्या सतरंजीवर बसून त्यांनी आजाऱ्यांचे कागद पाहिले.

"काय झालं म्हणायचं, मॅडम?" शेवंताने विचारलं.

"पाहुणे उपाशी मरताहेत, शेवंताताई. नव्या पाण्यात सोमल नाही. चार दिवस ते कसेबसे काढतात. पाचव्या दिवशी सगळे एकदम फुटतात. त्यांच्या पोटात साठलेला सोमल एकाच वेळी तुमच्या रक्तात उतरतो."

"मंग थोडं थोडं कमी केलं असतं तर?"

"प्राण्यांवर करून पाहिलंय. एका मर्यादेखाली आलं की तसेच फुटतात. आम्ही त्यांना तसंच बनवलं होतं."

"काऊन?"

डॉ. रेगेंनी चष्मा काढून हातात धरला. "भीती होती, की हे जंतू गावाबाहेर पसरले तर? शहरात, दुसऱ्या लोकांत? म्हणून त्यांना सोमलाशी बांधून टाकलं. जिथे सोमल नाही, तिथे ते जगणार नाहीत. परवानगीच त्या अटीवर मिळाली होती. तुमचं पाणी कधी स्वच्छ होईल, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं."

शेवंता त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला राग यायला हवा होता. आला नाही. "आता काय करू म्हनता?" एवढंच तिने विचारलं.

त्याच दुपारी बोअर पुन्हा सुरू झाला. मुंग्या थांबल्या. त्याआधी आणखी दोघं गेली होती. पण तळं बुजवायचं काम आधीच लागलं होतं. बोअरमधला सोमलही वर्षा-दोन वर्षांत उतरणार होता. ग्रामसभा भरली. कोणी आरडाओरडा केला नाही. ठराव शेवंतानेच वाचून दाखवला: आष्टाखेडीच्या नळाच्या पाण्यात ठरलेल्या प्रमाणात सोमल घालण्यात यावा. हात वर झाले. सरकारी मंजुरी सतरा दिवसांत आली. तिच्या कुठल्याही अर्जाला इतक्या लवकर उत्तर आलं नव्हतं.

टाकीत पूड घालायचं काम तिलाच मिळालं, कारण गावाचा दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता. सोमलाची ती पूड किंवा ते पाणी गावाच्या हद्दीबाहेर नेणं गुन्हा होता. त्यामुळे बाहेर कोणालाही तीन दिवसांपेक्षा जास्त राहता येत नसे. पोरं नोकऱ्या सोडून परत आली. आईच्या दुधात सोमल फारसा उतरत नाही, म्हणून तान्ह्या मुलांसाठी सोमलाच्या पाण्याची वेगळी बाटली होती. दर किलो वजनाला एक थेंब.

शेवंताची मुलगी नयना तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. डॉ. रेगे मुद्दाम तिच्यासाठी पुन्हा आल्या.

"पाहुणे आईकडून मुलाकडे जातात," त्या म्हणाल्या. "जन्माच्या वेळी, दुधातून, हातातोंडातून. गावच्या धुळीतूनही ते पोटात जातात. पण शहरात शस्त्रक्रियेने बाळंतपण केलं आणि मूल लगेच वेगळं ठेवलं, तर ते मोकळं राहील. कुठेही जाऊ शकेल."

"आन मी?" नयनाने विचारलं.

"तू भेटायला जाऊ शकशील. मास्क लावून, हातमोजे घालून."

शेवंता म्हणाली, "एक तरी बाहेर राहू दे, माय."

मुलगा झाला. नागपुरात नयनाच्या नणंदेने, सुलभाने, त्याला ठेवून घेतलं. नयना चौथ्या दिवशी गावात परतली. पान्हा आटायला तीन आठवडे लागले. ती वाडग्यात दूध पिळायची आणि मोरीत ओतायची. दर महिन्याला तीन दिवस ती नागपूरला जायची. परत आल्यावर शेवंता विचारायची, कसा आहे. ती म्हणायची, बरा आहे. आणखी काही सांगत नसे.

सहाव्या महिन्यात ती मुलाला घेऊनच आली.

दुपारची वेळ होती. शेवंता दारात तांदूळ निवडत होती. नयना एसटीतून उतरून सरळ घरात आली आणि मुलाला सतरंजीवर ठेवलं. तिच्या तोंडावर मास्क नव्हता.

"तो मले पाहून रडते, आई," ती म्हणाली. "सुलभाकडे जाते हात पसरून. काल मी मास्क काढला. त्याच्या तोंडाले तोंड लावलं. त्याले छातीशी धरलं. दूध नव्हतं, तरी धरलं."

शेवंताने डॉ. रेगेंना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"दहा दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "तोवर पाहुणे नुसते वस्ती करतात, साठा करत नाहीत. दहा दिवसांच्या आत त्याला परत पाठवा. शहरात ते मरून जातील, त्याला काही होणार नाही. त्यानंतर मात्र तो तुमच्यासारखाच. कायमचा."

"हो," शेवंता म्हणाली.

तिने नयनाला सगळं सांगितलं. नयना मुलाचे पाय चोळत होती. "तू सांगशील तसं," ती म्हणाली.

शेवंताने पिशवी भरली. दुपटी, दुधाची बाटली, लसीचं कार्ड. पिशवी दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी एसटी आली आणि गेली. तिसऱ्या दिवशी मूल नयनाच्या पदराशी खेळत हसलं. पाचव्या दिवशी ते तिच्या कुशीत न रडता झोपलं. सातव्या दिवशी सुलभाचा फोन आला, शेवंताने उचलला नाही. एसटी रोज वेळेवर येत होती. पिशवी दाराशीच होती. केर काढताना शेवंता ती उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. नयना काही विचारत नव्हती. शेवंता काही सांगत नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी शेवंता मुलाला अंगणवाडीत घेऊन गेली. वजनकाट्याच्या झोळीत त्याला ठेवलं. तो पाय झाडत वरच्या साखळीकडे बघत होता. सहा किलो भरला. तिने कपाटाचं कुलूप काढून सोमलाची बाटली बाहेर घेतली आणि त्याच्या जिभेवर सहा थेंब सोडले. त्याने चव घेतली, ओठ मुडपले आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.