तुलनेत बदल नाही

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बारक्या म्हणत. तेरा वर्षं त्याला आतड्याचा जुनाट दाह होता आणि मी रेडिऑलॉजिस्ट. म्हणजे दुखणं त्याचं आणि त्या दुखण्याची चित्रं वाचायचं काम माझं. "ताई, बायकोनं माझं तोंड पाहिलं नसेल तितकं तू माझं पोट पाहिलंस," असं तो म्हणायचा.

दर सहा महिन्यांनी त्याचा एमआरआय व्हायचा. आधी पाऊण तास बसून दीड लिटर गुळचट पाणी प्यायचं, म्हणजे आतडी फुगून नीट दिसतात. मग यंत्रात झोपून, सांगितलं की श्वास रोखायचा. मी लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाची भिंत मोजायची. निरोगी भिंत तीन मिलिमीटरच्या आत असते. त्याची सहा होती आणि कित्येक वर्षं सहाच होती.

आमच्या कामात एक वाईट खोड आहे. रुग्ण जुना, आजार जुना असला की मागचा रिपोर्ट उचलायचा, तारीख बदलायची आणि खाली लिहायचं, 'मागच्या तपासणीच्या तुलनेत बदल नाही.' करतात पुष्कळजण, कबूल कुणीच करत नाही. एका दुपारी बारक्याच्या रिपोर्टात मीही तेच केलं. सत्तावीस रिपोर्ट तुंबले होते, बारक्याचा तिसरा फोन येऊन गेला होता आणि त्याच्या कुरकुरीचा मला मनापासून वीट आला होता. मी चित्रं उघडलीसुद्धा नाहीत.

तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "ताई, या वेळचं दुखणं वेगळंय गं."

"तुझं दर वेळचं वेगळंच असतं," मी म्हणाले. हे वाक्य आता जन्मभर माझ्या मानगुटीवर बसलंय.

दोन महिन्यांत त्याची रया गेली. ताप उतरेना, अन्न ठरेना. भावजय त्याला धरून घेऊन आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "नीट बघा हो, ताई." पुन्हा एमआरआय केला. मी स्वतः पडद्यासमोर बसले.

भिंत सहा मिलिमीटर. नवी सूज नाही, पू नाही. आणि आतड्याच्या वळणात डाव्या बाजूला वाटाण्याएवढा हवेचा बुडबुडा.

तो बुडबुडा मी आधी पाहिला होता. मागची तपासणी उघडली, त्याच्या मागचीही उघडली. तिन्हींत तो तिथेच होता. प्रत्येक वळी, प्रत्येक सुरकुती तिथल्या तिथे. आतडं असं कधी स्वस्थ बसत नाही. दोन मिनिटांच्या अंतरानं काढलेली चित्रंदेखील तंतोतंत जुळत नाहीत.

"जुनीच फाइल पाठवलीत का?" मी तंत्रज्ञ बाईंना विचारलं.

"नाही, मॅडम. आत्ताचीच आहे." त्या घुटमळल्या. "मागच्या वेळी मात्र केवढी सूज होती! शेजारी पुवाची पिशवी होती. मला वाटलं, तुम्ही लगेच सर्जनना फोन कराल. मग तुमचा रिपोर्ट आला, बदल नाही म्हणून. म्हटलं, मॅडमना जास्त कळतं."

मी तो न बघता लिहिलेला रिपोर्ट संगणकातून रद्द केला. चित्रं बदलली नाहीत.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या यंत्रावर तपासणी करून आणली. तिथल्या डॉक्टरला काही ठाऊक नव्हतं. चित्रांत तोच बुडबुडा होता.

शेवटी मी स्वतः सोनोग्राफी केली. माझ्या तळव्याखाली दगडासारखी गाठ लागत होती. बारक्या ओठ चावून पडला होता. पडद्यावर मऊ, शांत आतडं दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं.

"काय दिसतंय, ताई?"

"काही नाही रे," मी म्हणाले. ते खरंच होतं.

सर्जन वैतागले. "चित्रात काहीच नसताना सुरी कशावर चालवू? आणि त्याच्या फाइलीतला तुमचाच रिपोर्ट सांगतोय की बदल नाही."

मी न बघता लिहिलं, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी कदाचित पोट उघडून पाहिलं असतं. पण जीभ रेटली नाही. नोकरी गेली असती, नाव गेलं असतं. मी म्हणाले, "थोडे दिवस वाट पाहू."

पाच दिवसांनी आतडं फुटलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तो गेला.

सर्जन बाहेर आले. हातमोजे काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. "आत सगळं सडलं होतं. कितीतरी आठवडे. मॅडम, तुम्ही चित्रं कुणाची पाहत होतात?"

भावजय माझ्याशी बोलत नाही. तिला काहीच ठाऊक नाही, तरी बोलत नाही.

गेल्या सोमवारी यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं. सकाळी अकरा वाजता माझ्या यादीत एक तपासणी येऊन पडली. नाव बारक्याचं, तारीख त्याच दिवसाची.

मी चित्रं उघडली. या वेळी एकेक करून सगळी पाहिली.

बुडबुडा नव्हता. आतडं मोकळं दिसत होतं. भिंत चार मिलिमीटर भरली.

सोबत तपासणीचा अर्ज होता. या तपासणीत देतात त्या इंजेक्शनची मात्रा वजनावर ठरते, म्हणून रुग्णाला काट्यावर उभं करून वजन लिहावंच लागतं. बारक्या गेला तेव्हा एकोणचाळीस किलोंचा होता.

वजनाच्या रकान्यात बावन्न लिहिलं होतं.