नीदियाचे पंख

त्या दुपारी आम्ही होडीनं पलीकडच्या किनाऱ्याला निघालो होतो. रोसाउराला कळा सुरू झाल्या होत्या. मी, सुईण दोमितिला, आणि सोबत डॉक्टर ओतिलिया. चिय्यान शहरातल्या भूकंपानंतर त्या आमच्या चिलोए बेटावर, माझ्याच घरी राहायला आल्या. त्यांची एकुलती लेक, नीदिया, त्या भूकंपात गेली.

आमच्या देशात लेकरू गेलं, की त्याला कागदी पंख लावून खुर्चीत बसवतात. आईनं रडायचं नसतं. पंख भिजले, तर देवदूत झालेल्या लेकराला उडता येत नाही. डॉक्टरांनी ते खुळचट ठरवलं, पंख लावलेल्या लेकीला मांडीवर घेतलं आणि पोटभर रडल्या. त्यानंतर त्यांनी एकही बाळंतपण केलं नाही. नुसत्या सोबत येत. त्या बसत तिथं ओल्या कागदाचा वास येई. मी कधी विषय काढला नाही.

रोसाउराच्या घरात धुकं शिरलं होतं. डॉक्टर दाराशीच थांबल्या. सासू एउलालिया पाणी तापवायला जाता जाता म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुमच्या शहरात हात खिशात घालूनच बाळंतपणं होतात का हो?"

बाळ पायाळू होतं. अंग आलं आणि डोकं अडकलं. माझी बोटं पोचेनात. मी डॉक्टरांकडे पाहिलं.

त्यांच्यामागे जमिनीच्या फळ्यांवरून काहीतरी ओलं फरफटत आलं... थांबलं. त्यांचा कोट मागून ताणला गेला.

"दोमितिला... ऐकलंस?"

"ऐकलं, बाई."

त्या वळल्या नाहीत. रोज दवाखान्यात जाताना बोलत असतील, तशाच बोलल्या. "नीदिया, सोड बघू. आईला काम आहे ना... तू बाहेर थांब, राणी."

कोट सैल पडला. दार उघडलं, लागलं. डॉक्टरांनी बाह्या वर सारल्या.

मुलगा रडला तेव्हा त्याही रडत होत्या, रडता रडताच नाळ बांधत होत्या.

मग पाणी घेऊन एउलालिया आली. म्हणाली, बाहेरची चिमुरडी कुणाची? बाळ आलं का विचारत होती. आलं म्हटल्यावर म्हणाली, मग मी जाते.

एउलालिया पुढं सांगू लागली, "मी म्हटलं, अगं, धुक्यात एकटी कशी जाशील? तर म्हणाली, एकटी कुठंय..."

डॉक्टर धावल्या. बाळाच्या छातीला कान लावला, मग रोसाउराच्या. कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. दोघांचेही ठोके नीट होते. रोसाउराचं पोट मात्र अजून तसंच वर होतं.

एउलालिया अजून दाराकडेच बघत होती. "आणि ते दुसरं," ती हळूच म्हणाली, "तिनं कडेवर घेतलेलं... ते कुणाचं?"