बेल वाजवून आत यायचं

औषधाच्या दुकानातून ती घरी निघाली तेव्हा ऊन अजून चांगलंच होतं. एका हातात सासऱ्यांच्या गोळ्या, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी आणि कान-खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला फोन. फोनवर संपादकबाई होत्या. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला वाटावं, कौतुक चाललंय.

"या आठवड्याचं प्रकरण आज सहाच्या आत हवं हं. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेते. लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत."

"देते," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

एका साप्ताहिकात तिची कादंबरी क्रमशः येत होती. दर आठवड्याला एक प्रकरण. आणि घर? घर कशाला थांबतंय! नवरा नोकरीपायी सदा बाहेरगावी. सासऱ्यांना ऐकू कमी यायचं, पण हाका मोठ्या. मुलगी सहा वर्षांची. तिचं खरं नाव फक्त शाळेत, घरात चिंगीच. पेन्सिलीला टोक काढायचं तेही आईनेच. ही लिहायला बसली रे बसली की दारावर थाप पडलीच म्हणून समजा. बाईच्या अगदी नाकी नऊ आले होते.

मग तिने एक युक्ती काढली. हसू नका, युक्ती चालली चांगली. जेवणं आटोपली की ती चपला घालायची, खांद्याला पिशवी अडकवायची, चिंगीला "येते हं" म्हणायची आणि पुढच्या दाराने खरोखर बाहेर पडायची. घराला वळसा घालून मागच्या अंगणात यायचं आणि तिथून मागच्या खोलीत शिरायचं. खोलीचं घरात उघडणारं दार आतून कडी लावून बंद. लिहून झालं की पुन्हा वळसा, पुढची बेल, आणि चिंगीने दार उघडलं की, "आले गं बाई, आले!" चिंगीला पढवून ठेवलं होतं. लिहून झाल्याशिवाय आई येत नाही. तोवर आई घरात नाही म्हणजे नाही.

आदल्या दिवशी मात्र घोटाळा झाला. लिहिता लिहिता तिला करपलेल्या दुधाचा वास आला. गॅस बंद करायचा राहिला होता! अर्धं वाक्य तसंच टाकून ती मधल्या दारानेच स्वयंपाकघरात धावली. बेल वाजली नाही, "आले" म्हणणंही झालं नाही. चिंगी तिच्याकडे बघतच राहिली.

"आई, तू बाहेर गेली होतीस ना?"

"हो गं."

"मग बाहेरून आलीच नाहीस. बाहेरची अजून बाहेरच आहे?"

तिने ते हसण्यावारी नेलं. तिथेच चुकली ती.

तर त्या दुपारी तिने सासऱ्यांना गोळी दिली, चिंगीपुढे चित्रांचं पुस्तक ठेवलं, "येते हं" म्हणाली आणि वळसा घालून खोलीत जाऊन बसली. चपला मागच्या पायरीवर काढल्या. त्या दिवशी लिखाण काय झरझर उतरत होतं म्हणता! शेवटचं एक पान तेवढं राहिलं, आणि पुढची बेल वाजली.

चिंगीची पावलं दाराकडे पळाली. साखळी निघाली. आणि मग आवाज आला.

"आले गं बाई, आले!"

तिचाच आवाज. तसाच, 'बाई'वर जरा हेलकावणारा. तिची बोटं कीबोर्डवर जिथल्या तिथे राहिली.

घरात चपला फिरायला लागल्या. नळ सुटला, भांडी वाजली. मधल्या दाराच्या फटीतून एक वास आत आला, ओले कपडे पेटीत बरेच दिवस कोंडून ठेवावेत तसा कुबट.

"चिंगे, इकडे ये. वेणी घालते."

"आई, दुखतंय..."

"गप बस."

असं ती कधी, कधीसुद्धा बोलली नव्हती पोरीशी. तिने झटकन उठून कडी काढली आणि दार ओढलं. दार हलेना. पलीकडून कुणीतरी मूठ धरून ठेवली होती. फटीच्या अगदी जवळ श्वास ऐकू येत होता.

"तुझं झालं का?" पलीकडून हळूच विचारलं गेलं.

"को... कोण आहे?"

"घराचं मी बघते. तू लिही. तुला तेच हवं होतं ना... कुणी मधे यायला नको."

"माझी मुलगी..."

"मधे मधे येते म्हणून वैतागत होतीस. आता नाही येणार."

बाईची पाचावर धारण बसली. पण आईचा जीव, तो थांबतो होय? तशीच अनवाणी मागच्या दाराने निघाली, वळसा घालून धापा टाकत पुढे आली आणि बेलवर बोट दाबून धरलं. दार साखळीपुरतं किलकिलं झालं. फटीत चिंगीचा चेहरा दिसला. वेणी इतकी आवळून घातली होती की भुवया वर ताणल्या गेल्या होत्या.

"चिंगे, उघड लवकर."

"आई स्वयंपाकघरात आहे," चिंगी कुजबुजली.

"राणी, मी आई. हे बघ... मी."

चिंगीने तिला नीट न्याहाळलं. पोर बिचारी गोंधळून गेली होती. मग तिला शिकवलेलं आठवलं.

"तुझं लिहून झालं?"

एक पान राहिलं होतं. पण अशा वेळी पान कुणाला आठवतंय!

"झालं," ती म्हणाली. "सगळं झालं."

साखळी निघाली. तिने चिंगीला छातीशी कवटाळलं आणि स्वयंपाकघर गाठलं. तिथे कुणी नव्हतं. भांडी घासूनपुसून ओळीने लावलेली. सासरे खुर्चीत बसून हात चोळत होते.

"सूनबाई, हात किती गार गं तुझे," ते म्हणाले. "गोळी दिलीस तेव्हा दचकलोच मी."

"मघाशीच दिली होती ना, बाबा?"

"आं? ती वेगळी. ही आत्ताची."

तेवढ्यात मागच्या खोलीतून टकटक सुरू झाली. मधलं दार ढकलून पाहिलं, तर आतून कडी. आत कुणीतरी भराभर टाईप करत होतं, मध्ये श्वासाएवढीही उसंत न घेता. तिने धावत जाऊन पुढच्या दाराला कडी, साखळी, बोल्ट, होतं नव्हतं ते सगळं लावलं.

"चिंगे, आता कुणीही आलं तरी उघडायचं नाही. ऐकलंस?"

"आई आली तर?"

"अगं, मी आहे ना आई!"

चिंगी खोलीतला आवाज ऐकत होती. हळूहळू तिने आपला हात सोडवून घेतला.

"तू म्हणालीस, झालं. मग आत कोण लिहितंय?"

बाईने पुन्हा तिचा हात धरायला पाहिलं. देवाशपथ, काय सांगणार होती? आणि टकटक थांबली. मागचं दार करकरलं. पायरीवरच्या चपला कुणीतरी पायात घातल्या आणि अंगणातून सावकाश वळसा घालून कुणीतरी पुढे आलं. बेल वाजली.

"आईचं झालं!" म्हणून चिंगी पळाली.

तिने "नको गं" म्हणून ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला, तिचाच आला, पण दाराबाहेरून.

"आले गं बाई, आले!"

ते प्रकरण वेळेत छापून आलं. तेव्हापासून एकाही आठवड्याला उशीर नाही, संपादकबाई भलत्याच खूश. घरही लख्ख असतं. शेजारच्या बाया नावाजतात, म्हणतात, कसं जमतं हिला सगळं! नवराही म्हणतो, आता कुरकुर नाही, चिडचिड नाही.

चिंगी मात्र शाळेतून आली की बेल वाजवत नाही. वेणी ओढून ओढून सोडते, मागच्या अंगणात जाते आणि बंद खोलीच्या दाराला गाल लावून पायरीवर बसते.

"आई, झालं का गं तुझं?" ती विचारते.

आणि आतून, फार दमलेल्या आवाजात, कुणीतरी म्हणतं, "एकच पान राहिलंय, राणी... एकच."