पापणी लवली

तो दुकानात शिरला तेव्हा मी एका मेलेल्या माणसाच्या खांद्यावरचा हात पुसत होते.

हात त्याच्या बायकोचा होता आणि बायको जिवंत होती. लग्नाच्या फोटोतून एकट्या नवऱ्याला बाहेर काढायचं, काळ्या दगडावर कोरता येईल असा त्याचा चेहरा स्वच्छ करायचा... आमच्याकडे निम्मं काम हेच. पासपोर्टचे फोटो काढणारे आमच्या कारा-बाल्टा गावाच्या बाजारात पुष्कळ आहेत. कबरीच्या दगडासाठी मात्र लोक सातार-बाइकेंकडेच येतात. थोरल्या पुरुषाला आम्ही बाइके म्हणतो. दुकान त्यांचं, फोटो तेच निवडतात. मी संगणकावर बसून मेंढपाळाच्या अंगात कोट चढवते, विस्कटलेले केस बसवते, आणि आजूबाजूची जिवंत माणसं एकेक करून काढून टाकते.

"दार लावा. बर्फ आत येतंय," मी मान वर न करता म्हटलं.

"दार लावलंय. हे टोपीवरचं आहे. कुठे ठेवू?"

मी वर पाहिलं. नारिंगी जॅकेट, वाऱ्याने भाजलेले गाल, आणि टोपी दोन्ही हातांत अशी धरलेली, जणू तिच्यात काठोकाठ दूध आहे.

"बाहेर झटकायची."

"बाहेर काय कमी आहे का? तुमच्याकडे नसेल म्हणून आणलं."

मला हसू आलं. ते लपवायला मी पडद्याकडे वळले. "बसा. कोणाचा फोटो आणलाय?"

"आणला नाही. काढायचाय."

"पासपोर्टसाठी?"

"दगडासाठी."

माझं बोट थांबलं. "कोणाच्या?"

"माझ्या."

तो इतक्या सहज म्हणाला, की मला आधी वाटलं चेष्टाच आहे. मग त्याचे डोळे पाहिले. चेष्टा नव्हती.

"तौबा! असं बोलू नये. घ्या शब्द मागे!"

"बरं, घेतला. फोटो तर काढाल?"

आतल्या खोलीतून सातार-बाइके डोळे चोळत बाहेर आले. त्यांनी त्याला बसवलं, चहा ओतला, आणि हळूहळू सगळं कळलं. नाव बाइश. वर खिंडीत, बोगद्याच्या अलीकडे, बर्फ पाडणाऱ्या टोळीत काम. डोंगराच्या अंगावर बर्फ साचून जड झालं, की ते आपणहून ट्रकांवर कोसळायच्या आत खालून तोफ डागून पाडायचं. वडीलही त्याच टोळीत होते. ते एका पहाटे हिमकड्याखाली गेले. घरात त्यांचा फोटो म्हणून एकच सापडला, कामाच्या ओळखपत्रावरचा. तोच दगडावर कोरला.

"आई दर शुक्रवारी कबरीवर जाते आणि चिडून परत येते," बाइश म्हणाला. "म्हणते, हा कोण परका उभा केलात तिथे? हा तर मला ओळखतसुद्धा नाही!... म्हणून म्हटलं, आपला एक हसरा काढून ठेवावा. शिवाय अजून लग्न व्हायचंय. बरा आला तर त्याही कामाला येईल."

शेवटचं वाक्य तो बाइकेंना सांगत होता. बघत माझ्याकडे होता.

बाइकेंनी कप खाली ठेवला. तरुणपणी ते जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचे फोटोग्राफर होते. "आम्ही बिटाच्या शेतात बायकांना हसायला लावायचो," ते म्हणाले. "घरी चूल थंड असायची, पण हसा! फोटो वरच्या साहेबांना पाठवायचा असायचा ना. तेव्हा मला वाटायचं, फोटो म्हणजे पुरावा. त्या बायका आजही रस्त्यात भेटतात, पण त्यांच्यापाशी त्यातला एकही फोटो नाही. आता मी एकच विचारतो. काढून द्यायचा कोणाला? ते ठाऊक नसेल तर काढू नये."

"आईला," बाइश म्हणाला.

"मग काढ गं, बुरुल."

बाइकेंचे हात कापतात. कॅमेरा माझ्याच हाती असतो. परक्यांचे फोटो मी बेधडक काढते. हनुवटी वर, कान दिसू देत, झालं! आपल्या माणसांचे मात्र काढत नाही. वडिलांचा एक काढला होता, बागेत, सफरचंदांची पेटी उचलताना. बर्फ पडायच्या आत ते गेले, आणि तोच फोटो मी या हातांनी दगडासाठी तयार केला. पेटी पुसली. झाडं पुसली. जन्ममरण अल्लाच्या हाती आहे, कॅमेऱ्याच्या नाही, हे मला काय कळत नाही? पाच वेळा कपाळ जमिनीला टेकतं तेव्हा पुरतं पटतं. कॅमेरा उचलला की... विसरायला होतं.

पण हा तर परकाच होता. अजून तासही झाला नव्हता त्याला पाहून. मग काचेतून त्याचा चेहरा जवळ आला, तो हसला, डाव्या गालावर एक रेघ उमटली — आणि माझं बोट बटणावर अडलं ते अडलंच.

"पापणी लवली तुमची," मी म्हटलं. बटण मी दाबलंच नव्हतं.

"मग पुन्हा काढा."

"आता उजेड गेला. पुढच्या खेपेला या."

दुकानातला दिवा लख्ख पेटलेला होता. बाइकेंनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उगाच खोकले.

तो आला. पाळी संपवून खाली उतरला की येतच राहिला. एकदा मी म्हटलं, कॉलर वाकडी आहे. एकदा म्हटलं, सर्दीने नाक लाल झालंय, दगडावर शोभणार नाही. बाकी वेळा आपली पापणी.

"माझ्या पापण्यांना काहीतरी आजार आहे का हो?" तो विचारायचा.

"वाऱ्याने होतं तसं."

"तुमच्या दुकानात वारा कुठला?"

मी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची. माझ्या मनाने एक वेडा हिशोब मांडला होता: जोवर फोटो निघत नाही तोवर याचं काम राहिलेलं आहे, आणि काम राहिलेला माणूस परत येतोच. रात्रीच्या नमाजानंतर खिंडीकडून तोफेचा आवाज ऐकू येतोय असं वाटायचं. इतक्या दूरवर तो येत नाही, हे ठाऊक असूनही मी कान देऊन बसायची.

एका गुरुवारी तो कणकेचे गरम बोरसोक घेऊन आला. गेलेल्या माणसांच्या नावाने त्याच्या आईने तळले होते; तेलाचा वास दुकानभर पसरला.

"खा ना."

"माझा रोजा आहे. सोमवारी नि गुरुवारी असतो."

"अरे देवा! मग मी ते तुमच्या नाकासमोर..." त्याने घाईने पुडकं जॅकेटखाली लपवलं. "सूर्य कधी मावळतो?"

"वेळ आहे."

"थांबतो."

तो खरंच थांबला. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर पोटाशी पुडकं धरून बसला. बाइके अचानक, न सांगता, बाजारात निघून गेले. बराच वेळ गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बुरुल, तू फोटो काढतच नाहीस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मी कॅमेरा पुसत राहिले.

"मी तोफेवर असतो. डागायच्या आधी माणूस श्वास सोडतो. तू कॅमेरा डोळ्याला लावतेस, श्वास धरतेस, आणि तसाच धरून खाली ठेवतेस. कधी सोडतच नाहीस. का?"

"काढला की तुमची... तयारी होईल."

"कसली?"

मी पडद्यावरच्या, दगडासाठी पुसून ठेवलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"माझ्या वडिलांचा धड फोटो नव्हता," तो म्हणाला. "म्हणून बर्फाने त्यांना सोडलं का?"

बाहेर मशिदीत अजान झाली. मी पाण्याचा घोट घेतला. त्याने पुडकं उघडलं. बोरसोक गार झाले होते. पहिला त्याने माझ्या हातावर ठेवला, आणि हात लगेच मागे घेतला नाही.

"निदान 'तुम्ही' म्हणणं तरी सोड," तो म्हणाला. "सोमवारी उतरतो. तेव्हा काढ."

"सोमवारी ये," मी म्हटलं. एवढंच. पण 'ये' म्हटलं.

रविवारपासून बर्फ सुरू झालं. बाजाराचे पत्रे वाकले. सोमवारी खिंड बंद झाली. त्याचा फोन लागेना. मंगळवारी फळवाली सांगत आली की वर मोठा हिमकडा कोसळलाय, टोळीची झोपडी दिसत नाहीये. कोणी म्हणे सापडले, कोणी म्हणे नाही. मी कामाला बसले. समोर कोणा म्हाताऱ्याचा फोटो होता. माउस हलवला की त्याच्या जागी बाइशचं कपाळ दिसायचं, आणि मी त्याच्या भोवतालचं सगळं पुसतेय असं वाटायचं. उठले, नमाजाला उभी राहिले. दुआ मागायला हात पसरले तर शब्दच सापडेनात. नुसते हात तेवढे पसरलेले.

दुपारी एक बाई आल्या. पांढरा रुमाल, गुडघ्यापर्यंत बर्फ. डाव्या गालावर तीच रेघ. मी ओळखलं.

"मी उमसुनाई. बाइशची आई." त्या स्टुलावर बसल्या. "तू त्याचे फोटो काढतेस म्हणे. दर खेपेला तुझ्याकडेच येतो. एक दे मला."

आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं मी त्यांना अपा म्हटलं. "अपा, अजून काही कळलं नाहीये... दगडाचं आत्ताच कशाला..."

"दगड कोण मागतंय?" त्या एकदम ओरडल्या, मग आवाज फुटला. "बघायचंय मला त्याला. घरात एक शाळेतला आहे, त्यात नुसते कानच कान. वाट बघायची तर हातात काहीतरी हवं ना, मुली."

सातार-बाइके खाली बघत होते. मी स्टुलापुढे येऊन उभी राहिले.

"नाहीये, अपा."

"म्हणजे?"

"एकही नाहीये. मी काढलाच नाही. काढला की काहीतरी होईल, असं... मी भ्याले."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता मारतील. फोटो न काढून त्याला जपत होते म्हणे मी! आणि त्याच्या आईच्या रिकाम्या हातांत ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

"असं होय," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज बदलला होता. "म्हणजे तुझंही माझ्यासारखंच आहे तर." त्यांनी रुमाल घट्ट केला. "ऊठ. घाबरायचंच आहे तर तिथे जाऊन घाबरू. इथे बसून काय?"

बाइकेंनी गाडीच्या किल्ल्या आधीच हातात घेतल्या होत्या. निघताना त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. मी नको म्हणणार होते, पण पट्टा आखूड करून घेतला.

घाटाच्या तोंडाशी अडसर टाकलेला होता. मागे ट्रकांची रांग, इंजिनं बंद. दोन्ही बाजूंचे उतार बर्फाने फुगलेले. अशा जागी आमच्याकडे कोणी आवाज चढवत नाही. आवाजाने खरंच बर्फ सुटतं की नाही, देव जाणे. पण रस्त्याचा मुकादम सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवत होता. वरची टोळी खाली उतरतेय, त्याने कुजबुजत सांगितलं. किती जण? ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघी उभ्या राहिलो. उमसुनाई-अपांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं रुतत होती. मी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते.

वळणावरून बर्फ ढकलणारं यंत्र आलं. त्याच्या पाठीवर नारिंगी जॅकेटं, एकमेकांना टेकलेली. अपांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. पाठमोऱ्यांतला एक जण वळला.

भुवया पांढऱ्या, ओठ फुटलेले, दोन्ही कानांत कापूस. पण तोच! अपांनी धावत जाऊन आधी त्याच्या छातीवर मुठी मारल्या, मग मिठी मारली. सगळं मुकाट्याने. त्यांच्या खांद्यावरून त्याने मला पाहिलं.

मी जवळ गेले. "बाइश, मला तू..." मी म्हटलं.

त्याने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. तोफ फार जवळून उडाली होती. काही ऐकू येत नव्हतं. मला मोठ्याने बोलायची चोरी. वर उतार, समोर बहिरा माणूस, आणि माझ्या तोंडात आयुष्यात पहिल्यांदा जुळलेलं वाक्य... आता काय करू?

मी कॅमेरा उचलला.

तो पाहत राहिला. मग त्याला कळलं — मला दिसलं की कळलं. त्याने जॅकेट ओढून सरळ केलं, हसायचा प्रयत्न केला. जमेना, ओठ थरथरले. भीती तिथेच होती, तेवढीच, जरासुद्धा कमी नाही. मी तिच्यासकट बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग थांबताच येईना.

पहिल्या ट्रकवाल्याने हॉर्नऐवजी दिवे लावले-विझवले. मग त्याच्या मागच्याने. मग सगळ्या रांगेने.

"मी पण!" बाइश ओरडला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कुठे कळतो? "बुरुल, मी पण! केव्हापासून!"

मुकादम धावत आला आणि त्याने हातमोज्यासकट त्याचं तोंड दाबलं. आम्ही सगळे जागच्या जागी गोठलो. सगळ्यांच्या माना वर. एक मूठभर बर्फ सुटलं, घरंगळलं, आणि वाटेतच विरून गेलं.

उतार गप्प राहिला.

मी मान खाली आणली. मुकादमाच्या हातमोज्याच्या वर बाइशचे दोन भेदरलेले डोळे होते, आणि ते हसत होते. तोही फोटो मी काढला.