मुठीचं माप

तीन आठवडे झाले तरी चष्मा न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा तिला चैन पडेना.

चष्म्याच्या दुकानात कामाला लागून तिला दीड वर्ष झालं होतं. लोक चष्मे विसरतात, हे तिलाही ठाऊक होतं. पण हा नंबर चांगलाच वाढलेला होता. असा माणूस तीन आठवडे काय करत असेल? औषधाची बाटली चुकीची उचलली असेल तर? काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी पावतीवरचा पत्ता बघत ती निघाली. समुद्राकडे उतरणारी गल्ली, दोरखंडांचं गोदाम, त्याला लागून एक अरुंद दार.

दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

भिंतीभर गळाच्या काठ्या होत्या. बारीक, लांब, काळ्या, गर्द हिरव्या. कुठे मूठ नाही, दोरी ओवायच्या कड्या नाहीत, रीळ नाही. नुसत्या उघड्या काठ्या, शेंड्याकडे निमुळत्या होत गेलेल्या. आणि खिडकीपाशी एक तरुण एका काठीला नाक जवळजवळ टेकवून तिच्यावर लाल दोरा गुंडाळत बसला होता.

"जरा थांबा हं," मान वर न करता तो म्हणाला. "आत्ता दोरा सोडला तर सगळं उसवेल."

ती थांबली. वेढ्याला वेढा लागत होता, मधे केस जाईल एवढीही फट नव्हती. शेवटी त्याने गाठ आत ओढली आणि वर पाहिलं.

"बोला, काका."

"काका?"

त्याने डोळे बारीक केले. "माफ करा… काकू?"

ती बावीस वर्षांची होती. पर्समधली डबी काढून तिने त्याच्यासमोर ठेवली. "तुमचा चष्मा आणलाय. गरज दिसतेय."

पुढचं सगळं तिच्या रोजच्या कामाचं होतं. चष्मा नाकावर बसवायचा, कानामागे दांडी टोचते का बघायचं, टोचली तर काढून किंचित वाकवायची, पुन्हा बसवायची. दिवसाला दहा जणांचं करायची ती हे. आज मात्र बोटं उगाचच अडखळली… त्याच्या कानाला लाकडाच्या भुशाचा आणि व्हार्निशचा वास होता.

"आता दिसतंय का नीट?"

तो बघतच राहिला. "हो," म्हणाला. मग जरा थांबून — "जरा जास्तच."

ती गर्रकन भिंतीकडे वळली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "या काठ्या अर्ध्याच का सोडल्यात?"

"अर्ध्या नाहीत. ब्लँक आहेत. म्हणजे अजून कुणाच्या झालेल्या नाहीत. माणूस येतो, आपल्या हाताची निवडतो, मग मी तिला मूठ, कड्या, सगळं चढवतो."

तिला बाबांची काठी आठवली.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. रविवार मात्र त्यांचा स्वतःचा. त्या दिवशी ते फुटत्या लाटांत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे आणि मासा भुलावा म्हणून पिसांची, हाताने बांधलेली खोटी माशी काठीने दूर फेकायचे. ती वाळूत त्यांच्या चपला सांभाळत बसायची आणि प्रत्येक लाट ओसरली की बाबांचं डोकं दिसतंय ना, ते बघायची. सहाव्या वर्षापासूनची ही तिची नोकरी. गेल्या वर्षी बाबांचा खांदा धरला. जुनी काठी म्हणजे पहार. ती कानाच्या वर जाईना. त्यांनी ती कपाटावर टाकली आणि म्हणाले, "झालं आपलं."

त्याला आता आठ महिने झाले. आठ महिने बाबा खिडकीतल्या खुर्चीत. आई म्हणायची, "अहो, त्या खिडकीला तरी जरा सुट्टी द्या." बाबा हसायचे, उठायचे नाहीत. बसचं अख्खं दार अडवणारा धिप्पाड माणूस दिवसेंदिवस खुर्चीत लहान होत चालला होता, आणि तिला ते बघवत नव्हतं.

"बाबांच्या दुखऱ्या खांद्याला चालेल अशी मिळेल?" तिने विचारलं. "लाटांतून फेकायची?"

"मिळेल की. घेऊन या त्यांना."

"सांगितलं तर यायचेच नाहीत. तयार काठी हातात ठेवली तर… कदाचित."

"न बघितलेल्या हातासाठी मी काठी निवडत नाही."

"न येणाऱ्या गिऱ्हाइकाला मीही घरपोच चष्मा देत नाही," ती म्हणाली. "पण दिला ना?"

तो हसला. चष्मा वर सरकवला. "बरं. मग तुम्हीच व्हा त्यांचा हात."

गुरुवारी तिचं दुकान अर्धा दिवस बंद असे. त्या गुरुवारपासून त्याच्या दुकानामागची बोळ त्यांचा समुद्र झाली. तो एकेका ब्लँकवर चिकटपट्टीने तात्पुरत्या कड्या लावायचा, बुडाशी रीळ बांधायचा आणि तिच्या हातात द्यायचा. ती बाबांसारखी उभी राहायची: डावा पाय पुढे, कोपर अंगाशी. इतकी वर्षं वाळूतून बघितलेलं सगळं अंगात होतं, फक्त कधी बाहेर आलं नव्हतं.

"माशीला वजनच नसतं," तो सांगायचा. "वजन असतं दोरीला. काठीने दोरी मागे टाकायची. ती हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. मग पुढे."

ती थांबायचीच नाही.

"घाई करताय."

"मागे पडेल ना ती!"

"नाही पडत. जाऊ द्या की तिला, येते परत."

काठीचा नंबर जितका मोठा तितकी ती दणकट. आठ नंबरची मऊ होती. खांद्याला सुख, पण समुद्रावरचा वारा सुटला की दोरी तोंडावर. दहा नंबरची वाऱ्याला भीक घालत नव्हती, पण पंधरा फेकींत तिचाच खांदा भरून आला, मग बाबांचं काय! उरल्या नऊ नंबरच्या दोन. एक ताठ, एक किंचित लवचीक आणि वीतभर लांब.

"पहिली की दुसरी?" तो विचारायचा.

"हे माझं वाक्य आहे," ती म्हणायची. "काचा बदलताना मी विचारते असं."

"मग लोक काय म्हणतात?"

"बहुतेक जण म्हणतात, पुन्हा एकदा दाखवा."

"मग… पुन्हा एकदा?"

असं करत त्या दोन काठ्यांना पाच गुरुवार लागले. खरं तर दुसऱ्याच गुरुवारी कळलं होतं, लांब काठी दोरीला लाटांच्या वर उचलून धरते आणि कष्ट स्वतः करते, खांद्याला करू देत नाही. पण दोघांपैकी कुणीच तसं बोललं नाही.

निवड ठरली त्या दिवशी त्याने तिला काठीचा कणा शोधायला शिकवलं. बूड टेबलावर टेकवायचं, टोक तळहातावर धरायचं, मधे हलकं दाबून काठी लाटण्यासारखी फिरवायची. ती दाबत होती, तो फिरवत होता. अचानक काठीने टुणकन उडी घेतली आणि एका बाजूवर स्थिर झाली.

"अगंबाई! हे काय?"

"हीच तिची बाजू. कड्या या रेषेत बसवायच्या. काठीला जिकडे वळायचंय तिकडे वळू दिलं, की ती कधी दगा देत नाही."

दोघांचेही हात काठीवर तसेच होते. दोघांनीही ते जरा उशिराच काढले.

मुठीसाठी तिने बाबांच्या हाताचं माप आणलं होतं. दुपारी ते खुर्चीत पेंगत असताना हळूच हाताखाली कागद सरकवून पेन्सिलीने काढलेलं. त्याने तो कागद कामाच्या टेबलासमोर भिंतीला टाचला. "बुचाची मूठ घासायला दोन आठवडे लागतील," म्हणाला. आणि दोन आठवड्यांनी काठी कापडी पिशवीत घालून तिच्या हाती दिली.

"पसंत पडली का, तेवढं कळवा."

"कळवीन."

"गुरुवारी?" त्याने विचारलं.

"आता गुरुवारी काय काम…" ती म्हणाली, आणि जीभ चावली. पण शब्द निघून गेले होते.

घरी बाबांनी पिशवीची नाडी सोडली. लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला. उठून उभे राहिले. काठी वर नेली — कानाच्या वर! — आणि खांद्याने हूं की चूं केलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाबांच्या कपाळाला आठी पडली.

"मूठ माझी नाही ही."

"म्हणजे?"

"बारीक आहे. बोटं तळव्यात रुततात बघ."

"असं कसं होईल? कागदावर हात काढून दिला होता मी तुमचा!"

"कधी?" आईने विचारलं.

"झोपले होते तेव्हा."

"म्हणजे त्या झोपेचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा," आई म्हणाली.

तिला मात्र रडू कोसळायच्या बेतात होतं. एवढे गुरुवार, एवढी धडपड, आणि काठी पुन्हा कपाटावर जाणार. बाबांनी काठी तिच्यापुढे धरली. "धर बरं तू."

तिने धरली. मूठ तिच्या हातात अशी बसली, जशी ओळखीची कुणी येऊन शेजारी बसावी. अंगठ्यासाठी ठेवलेला खळगा नेमका तिच्या अंगठ्याखाली.

बाबांनी आईकडे बघितलं, आईने बाबांकडे.

"दोऱ्याचा एक वेढा हललेला नाही," बाबा सावकाश म्हणाले. "असा कारागीर मुठीत अर्धा इंच चुकेल?"

"कारागीर म्हातारा आहे की तरुण?" आईने विचारलं.

"आई!"

"तरुण आहे," आईने स्वतःच उत्तर दिलं.

बाबा दाराकडे निघाले होते. "माझ्या चपला कुठे आहेत?"

दहा महिन्यांनी त्यांनी हा प्रश्न विचारला होता. आईला चपला सापडेपर्यंत पाच मिनिटं लागली. पलंगाखाली पार भिंतीपर्यंत गेल्या होत्या.

दुकानात शिरल्यावर बाबांना आधी दिसला तो भिंतीवरचा कागद. ते सरळ गेले आणि त्यावर हात ठेवला. बोटाला बोट जुळलं.

"माप तर चोख आहे," बाबा म्हणाले. "मग चूक कशी झाली?"

काठीवाला उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "काका… दुसरी मूठ करून देतो. उद्याच."

"ते द्याल हो. कशी झाली ते विचारतोय."

तो चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली, तेव्हा म्हणाला, "कागद रोज समोर होता. पण बूच घासायला घेतलं की… गुरुवारचाच हात डोळ्यांपुढे यायचा. अर्धी मूठ झाल्यावर कळलं. मग थांबता नाही आलं."

बाबांनी घसा साफ केला. "ती काठी तिचीच राहू दे. मला दुसरी निवडा. पण घाई नको. दर गुरुवारी येत जाईन मी," आणि भिंतीकडे वळून एकेका ब्लँकवरचे आकडे मोठ्याने वाचू लागले. "आठ… नऊ… वा, दहा!… मी वाचतोय हां, मला काही ऐकू येत नाहीये."

ती त्याच्याजवळ गेली. "अर्धा इंच," म्हणाली. "केवढी मोठी चूक."

"सुधारायची?"

ती लगेच बोलली नाही. दोरी हवेत पूर्ण सरळ होऊ दिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला घाई झाली नव्हती.

"नको," ती म्हणाली. "राहू दे अशीच. मी येत जाईन… बाबांबरोबर. आणि त्यांच्याशिवायही."

"अकरा नंबर नाही वाटतं?" बाबा भिंतीला विचारत होते.

त्यानंतर बाबांनी सात वर्षं रविवार साजरे केले, स्वतःच्या नऊ नंबरच्या काठीने, स्वतःच्या जाड मुठीने. शेजारी ती, तिच्या काठीने. चपला सांभाळायला वाळूत आता काठीवाला असायचा. फेकणं त्याला कधी बाबांइतकं जमलंच नाही. बाबा गेले तेव्हा समुद्र शांत होता, आणि तिला त्याचा उगाच राग आला होता.

आता त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. भिंतीवरचा कागद पिवळा पडलाय, एक कोपरा कुरतडलाय, पण हात तसाच आहे. काल त्यांच्या लेकीने, चिमणीने, स्टुलावर चढून त्यात आपला पंजा ठेवला. चार वर्षांची आहे ती. तिच्या पंजाभोवती आजोबांचा हात अंगणासारखा पसरला.

"मला पण काठी," ती म्हणाली.

"अजून लहान आहेस," आई झालेली ती लगेच म्हणाली. "लाटा केवढ्या असतात, पायाखालची वाळू कशी सरकते, तुला माहीत —"

"मी असेन ना शेजारी," काठीवाला म्हणाला. त्याने कोरा कागद काढला, पेन्सिल घेतली आणि कागद नाकाला टेकेल इतका जवळ धरला.

"चष्मा कुठाय?"

"तुझ्याच दुकानात. तयार झालाय म्हणे."

"तीन आठवड्यांपूर्वी!"

पर्समध्ये होताच तो. तिने त्याच्या नाकावर बसवला, कानामागे बोट फिरवलं. व्हार्निशचा तोच वास.

"आता दिसतंय का नीट?"

त्याने तोंड उघडलं, पण चिमणीने हे इतक्यांदा ऐकलं होतं की स्टुलावरून तीच ओरडली, "हो… जरा जास्तच!"

दोघं हसत सुटली. चिमणीही हसली, आणि कागदावरचा पंजा हलला.

"हलू नकोस गं," पेन्सिल तिच्या करंगळीपाशी आणत तो म्हणाला. "नाहीतर मूठ पुन्हा आईच्या मापाची होईल."