कोलशेतहून आणलेला तंबू

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझा मावसभाऊ यज्ञेश याच्यासोबत जे घडलं, तेच सांगतोय.

यंदाच्या मे महिन्यातला रविवार. भर दुपार. डोंबिवलीतल्या कोपर स्टेशनजवळच्या त्याच्या बिल्डिंगची गच्ची.

यज्ञेश आणि त्याचा मित्र विनीत जुलैत अलास्काला जाणार होते. छोटं विमान हिमनदीवर उतरतं, माणसं सोडतं आणि निघून जातं. मग बर्फातून चालायचं, कडे चढायचे. ठरल्या दिवशी तेच विमान न्यायला येतं.

नाही आलं, तर पायी बाहेर पडायला वाटच नाही.

दोघांनी कित्येक महिने याचाच ध्यास घेतलेला. तंबू त्यांनी ठाण्यातल्या कोलशेतच्या योगिनी नावाच्या बाईकडून जुना घेतलेला. तिच्या भावाचा, अलास्कातच वापरलेला. "तो आता जात नाही," एवढंच ती म्हणालेली.

तर त्या दुपारी तंबू लावून बघायचं ठरलं. फरशीवर पाय ठेववत नव्हता इतकं ऊन. वारा नावालाही नाही. दोरीवरच्या साड्या निपचित.

तरी तंबूचं कापड फडफडायला लागलं...

"हवा कुठून येतेय रे?" म्हणत विनीत आत शिरला.

गच्चीत खुंट्या कुठे ठोकणार? यज्ञेश बाहेर दोऱ्या विटांना बांधत बसला.

आणि आवाज आला. लांबून. छोट्या विमानाच्या इंजिनाची घरघर.

त्याने वर पाहिलं. आभाळ मोकळं. घरघर मात्र डोक्यावर गोल फिरत राहिली... आणि हळूहळू विरली.

मग खालच्या रिक्षांचा आवाज गेला.

कावळे गेले.

काहीच उरलं नाही.

तेव्हा तंबूतून कुणीतरी बोललं. दमलेला आवाज. विनीतचा नव्हे.

"विमान आलं का?"

यज्ञेशच्या हातातली वीट हातातच राहिली.

आणि विनीतने, रोजचंच असल्यासारखं, उत्तर दिलं...

"अजून नाही. येईल."

यज्ञेशने झटक्यात चेन उघडली. आत विनीत एकटाच. ओठ निळसर. तोंडातून वाफ निघत होती... मे महिन्यात, डोंबिवलीत.

"कुणाशी बोलत होतास?"

"तूच विचारलंस ना?"

यज्ञेशने तंबू गुंडाळला आणि थेट कोलशेत गाठलं. योगिनीने दार अर्धंच उघडलं. तंबूला हात लावला नाही.

"आवाज आला?"

त्याने मान डोलावली.

"उत्तर नाही ना दिलंत?"

"मी नाही. मित्राने दिलं."

तिने दार आणखी लोटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांना जाऊ देऊ नका." आणि दार लावून घेतलं.

तंबू दारातच ठेवून यज्ञेश निघाला. स्वतःचं तिकीट रद्द केलं. विनीतला समजावलं, त्याच्याशी भांडला, त्याच्या आईच्याही कानावर घातलं. विनीत ऐकेना. चिडतही नव्हता, हसतही नव्हता. तंबूत यज्ञेशनेच विचारलं होतं, हेही आता म्हणत नव्हता.

"अरे, विमान येईल म्हणून सांगितलंय मी त्याला," तो म्हणाला. "माणूस वाट बघतोय."

दुसरा तंबू घेऊन तो एकटाच गेला.

विनीतला परत आणायचा दिवस उलटून गेलाय. हवा खराब आहे, विमान उडू शकत नाही, असा पायलटचा यज्ञेशला निरोप आलाय.

निरोपात खाली एक ओळ आहे. विनीतला उतरवलं, तेव्हा बर्फावर आधीच उभा असलेला तो माणूस... तुमच्यातलाच ना?

यज्ञेशने तो निरोप मला पाठवला. खाली लिहिलं... काय कळवू?