द्वारकेच्या शोधात

"आई काल सकाळपासून बेपत्ता आहे," अशोक खटावकर म्हणाला. "पोलिसांत सांगितलं. सगळी द्वारका पालथी घातली. नुसत्या अर्धवट इमारती आणि धूळ!"

१९९७ सालची गोष्ट. दिल्लीच्या करोल बागेतल्या आपल्या कचेरीत खासगी गुप्तहेर चंद्रप्रभा कर्णिक ऐकत होत्या. शेजारी त्यांचे सहकारी सूर्यकांत.

"द्वारकेतच का शोधलंत?"

"शेजारणीला तसं सांगून गेली. दिल्लीच्या टोकाला वसतेय त्या नव्या वस्तीत आम्ही फ्लॅट घेतलाय."

तिघं लक्ष्मीबाई नगरातल्या अशोकच्या सरकारी क्वार्टरवर आले. शेजारच्या कौशल्याजी दारातच भेटल्या.

"माताजी बोलीं, द्वारका के पास जा रही हूँ. मैंने सोचा, नया मकान देखने जा रही होंगी."

"'के पास' म्हणाल्या? नक्की?"

"बिल्कुल."

"म्हणजे द्वारकेच्या जवळपास," सूर्यकांत म्हणाले. "पालमला बघू या."

चंद्रप्रभा अशोकच्या बायकोकडे वळल्या. "घरात काही वाद?"

"नाही हो," राधा म्हणाली. "पण परवा एक फोन आला आणि सासूबाई गप्पच झाल्या. मग बाजारात जाऊन खण, नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. मला वाटलं, नव्या घराच्या पूजेसाठी."

"फोन कुणाचा?"

"दलालाचा असेल," अशोक वैतागून म्हणाला. "फरीदाबादहून एक म्हातारा सारखा फोन करायचा. 'द्वारका के बारे में माताजी से बात करनी है.' मी तीनदा फोन आपटला. परवा आईनंच उचलला वाटतं."

"आईंचं नाव?"

"काशी. धाकटी मथुरामावशी होती, ती मागेच वारली."

"आणखी बहीण?"

"नाही. आजोबांना दोनच मुली."

 चंद्रप्रभांनी फरीदाबादच्या इस्पितळांना फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: बायकांच्या वॉर्डात द्वारका नावाची कुणी आहे का? चौथ्या ठिकाणी होकार आला.

"चला," त्या म्हणाल्या.

टॅक्सीत अशोकला राहवेना. "द्वारका नावाची बाई?"

"आपल्याकडे तीर्थांची नावं मुलींना ठेवायची जुनी रीत. काशी, मथुरा, द्वारका. इकडे मात्र द्वारका म्हणजे द्वारकाप्रसाद, पुरुषाचं नाव. म्हणून तर बायकांच्या वॉर्डात ती लगेच सापडली."

"पण शेजारीण तर जागेबद्दल..."

"तुमच्या आईंनी मनातलं मराठी हिंदीत सांगितलं. गावाला जाताना आपण 'द्वारकेला' म्हणतो, माणसाकडे जाताना 'द्वारकेकडे'. त्याचंच झालं 'द्वारका के पास'. शेजारणीला ती जागा वाटली."

"आणि खण-नारळ?" सूर्यकांतांनी विचारलं.

"घराच्या पूजेला हिरव्या बांगड्या कशाला? ती सवाष्णीची ओटी होती. फोन करणारा तिचा नवरा असणार. आणि अशोकराव, फ्लॅटचा दलाल मालकाशी बोलतो. हा माणूस दर वेळी माताजींना मागत होता. इतकी निकड, शिवाय आई रात्रीही परतल्या नाहीत, म्हणून मी इस्पितळं धुंडाळली."

अशोकनं टॅक्सीवाल्याला वेग वाढवायला सांगितलं.

चंद्रप्रभांचा तर्क खरा निघाला. इस्पितळाच्या व्हरांड्यात पगडीवाला एक म्हातारा बसला होता. त्यानंच सगळं सांगितलं. फाळणीनंतर पुण्याच्या निर्वासित छावणीत राहिलेल्या या पंजाबी मुलाशी द्वारकेनं लग्न केलं, आणि वडिलांनी घरात तिचं नाव घ्यायची बंदी केली. काशीनं ती जवळजवळ पन्नास वर्षं पाळली. बहीण इतक्या जवळ राहते, हे मथुरेच्या शेवटच्या दिवसांत काशीच्या कानावर आलं होतं. तरी तिचं पाऊल उचललं नव्हतं.

"रविवार तक होश में थी," म्हातारा म्हणाला. "बहन को पूछती रही. मैं फोन करता रहा."

पहिला फोन शुक्रवारचा होता. अशोकला आठवलं.

आत काशीबाई बहिणीच्या उशाशी बसल्या होत्या. मुलाला पाहून त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. बाजूला सरकून त्यांनी जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझी मावशी आहे. हात धर तिचा."

अशोकनं हात धरला. तो अजून उबदार होता. त्यानं बराच वेळ वाट पाहिली, पण ती बोटं मिटली नाहीत.